हात सोडा, हात सोडू नका: पुण्यातल्या एका क्लाइम्बिंग जिममधलं प्रकरण

जुलैतल्या एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पुण्यातल्या एका इनडोअर क्लाइम्बिंग जिममध्ये ४७ वर्षांच्या एक बाई बोल्डरिंगच्या भिंतीवरून पडल्या. पाय गादीपासून साधारण अडीच मीटर वर होते. गादी जाड होती, तरीही डाव्या मनगटाच्या थोडं वर रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं, हाड मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. भिंतीत काही बिघाड नव्हता. होल्ड, म्हणजे भिंतीवरची पकड, फिरला नव्हता, गाद्यांच्या मध्ये फट पडलेली नव्हती.

चौथ्या दिवशी जिमच्या मालकाचा मला फोन आला. आम्ही एके काळी एकाच दोरावर चढलेलो. तो पुढे व्यवसायात गेला. मी नोकरी सांभाळून वीसेक वर्षं एका गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक प्रस्तरारोहण शिबिरांत शिकवत राहिले. "ताई, तू एकदा येऊन बघ. माझं काय चुकलं तेच मला कळत नाहीये," तो म्हणाला. बाईंनी दहा वेळांच्या पासाचे पैसे आणि दवाखान्याचा खर्च मागितला होता. त्यावर त्याने त्यांनीच सही केलेला फॉर्म त्यांना पाठवून दिला होता. फ्लोअरवर त्या दिवशी जो मुलगा होता, त्याला कामावरून काढायचं त्याच्या मनात होतं.

मी तीन रविवार तिथे बसले, आणि मधल्या दिवसांत माणसांना भेटले. नावं लिहीत नाही. बाईंना मी आई म्हणेन, त्यांच्या तेरा वर्षांच्या लेकीला मुलगी, आणि फ्लोअरवरच्या मुलाला दादा, कारण जिममध्ये सगळे त्याला तशीच हाक मारतात.

जागा आणि गर्दी

जिम म्हणजे एक उंच पत्र्याची शेड. उजवीकडे दोराची भिंत, डावीकडे बोल्डरिंगची. दोराच्या भिंतीवर कमरेला हार्नेस असतो आणि दोराचं दुसरं टोक खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात असतं. बोल्डरिंगची भिंत चारेक मीटरची. तिथे दोर नाही, हार्नेस नाही, खाली फक्त गाद्या. नवख्या माणसाला हीच भिंत सोपी वाटते, कारण ती बुटकी दिसते आणि लगेच चढायला मिळतं. मला ती नवख्यांसाठी जास्त अवघड वाटते. दोरावर हात सुटला तर माणूस दोरावर लटकतो. बोल्डरिंगमध्ये हात सुटला की प्रत्येक वेळी जमिनीवरच पडायचं असतं, मग ते दोन फुटांवरून असो की दहा.

पावसाळ्यात ही जागा भरून वाहते. सह्याद्रीचा बेसॉल्ट ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की तैलबैला, ढाक, नागफणी या कड्यांवर दोर लावणारे पुण्याचे चढणारे ऑक्टोबरपर्यंत छपराखाली येतात. त्यांना कुणी काही शिकवावं लागत नाही. पण हल्ली त्यांच्या शेजारी दुसरी गर्दी असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ पहिल्यांदा आला, पॅरिसला २०२४ मध्ये पुन्हा दिसला, आणि टीव्हीवर ते बघून मुलांनी आईबाबांना इथे ओढून आणलं. जिम चालते ती या दुसऱ्या गर्दीच्या पैशावर. तिच्याकडे बघायला त्या रविवारी एकटा दादा होता.

आईने सांगितलेलं

सिंहगड रोडवरच्या त्यांच्या घरी गेले तेव्हा हात गळ्यात होता आणि त्या उजव्या हाताने चहा गाळत होत्या. मी करते म्हटलं, तर ऐकेनात. सहकारी बँकेत नोकरी, दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. कॉलेजात असताना कात्रज ते सिंहगड रात्रीत केलेलं. हे आधीच सांगते, कारण मालकाने फोनवर त्यांचं वर्णन "घाबरट आहेत गं, ताई" असं केलं होतं.

"मला वर जायला काहीच वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "हिरव्या पकडी, शिडीसारख्या होत्या. शेवटच्या पकडीला दोन्ही हात लावले, मुलीने फोटो काढला. मग खाली पाहिलं. ज्या पकडीवरून आले ती कुठे गेली, दिसेच ना. शूज इतके घट्ट होते की अंगठे सुन्न झालेले. मी म्हटलं, अहो दादा, उतरायचं कसं? ते लांबून काहीतरी ओरडले. मला ऐकू आलं, हात सोडा."

"आणि तुम्ही सोडलेत?"

"लगेच नाही. मुलगी पण खालून तेच म्हणत होती. आई, हात सोड, काही होत नाही. दोघंही सांगताहेत म्हटल्यावर मी सोडले."

पडताना शरीर मागे गेलं आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे टेकवले. कुणीही टेकवतं, तो उपजत प्रकार आहे. पाय अडीच मीटरवर असताना हात सुटले तर गादीपर्यंत पाऊण सेकंदही लागत नाही, आणि टेकताना वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास असतो. ताठ कोपराने तळहात टेकला की तो सगळा धक्का तळव्यातून मनगटावर आणि तिथून रेडियसवर जातो. गादी पायांसाठी आणि पाठीसाठी असते. मागे रोवलेल्या हाताला तिचा फारसा उपयोग होत नाही.

मुलीने सांगितलेलं

मुलगी माझ्याशी बोलायलाच तयार नव्हती. आपल्यामुळे आईचा हात मोडला, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. मी तिला एवढंच विचारलं, की काही होत नाही हे तुला कुणी सांगितलं?

उन्हाळी शिबिरात, ती म्हणाली. मे महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी ती ऑटो-बिलेवर चढली होती. त्या यंत्रात वर पट्टा गुंडाळलेला असतो. चढाल तसा तो आत ओढला जातो, आणि वर पोचून हात सोडले की ब्रेक लागत माणसाला सावकाश खाली आणतो. तिथे पहिल्यांदा येणारं प्रत्येक मूल वर चिकटून बसतं, म्हणून शिकवणारे पुन्हा पुन्हा सांगतात: वर गेलात की हात सोडा, मागे टेका, भिंतीवर पाय ठेवत या. त्या भिंतीवर हा सल्ला अगदी बरोबर आहे. मुलगी तो मनापासून शिकली आणि प्रेमाने आईला दिला. दोन भिंतींमध्ये फरक फक्त कमरेच्या पट्ट्याचा, आणि तो फरक तिला कुणी शब्दांत सांगितलेला नव्हता. या जिममध्ये त्या सकाळी कुणी एकाने "दोर असेल तर हात सोडायचे, दोर नसेल तर सोडायचे नाहीत" एवढं एक वाक्य बोललं असतं, तर मला वाटतं हे प्रकरण घडलं नसतं.

हे मी तिला सांगितलं. तुझं शिकणं बरोबर होतं, पुढचा धडा आमच्यातल्या कुणीतरी द्यायला हवा होता. ती काही बोलली नाही, पण दारापर्यंत सोडायला आली.

दादा कुठे होता

दादा २१ वर्षांचा, वेल्ह्याकडचा. कातळावर मी त्याला चढताना पाहिलं आहे. पायाची जागा शोधण्यात त्याच्याइतका शांत मुलगा मी फार वर्षांत पाहिला नाही. तो आईच्या जवळ का गेला नाही, हा मालकाचा राग होता.

त्याचं उत्तर साधं होतं. तो दोराच्या भिंतीखाली एका अकरा वर्षांच्या मुलाला बिले देत होता. मुलगा सात मीटर वर. बिले देणाऱ्याचा ब्रेकचा हात दोरावरून निघत नाही, हे आम्ही शिबिराच्या पहिल्या दिवशी शिकवतो. तो हात सोडून धावला असता, तर एकाऐवजी दोन अपघातांची शक्यता होती. म्हणून तो होता तिथूनच, बारा-तेरा मीटरवरून, ओरडला.

"मी म्हटलं, हात सोडू नका, पाय खाली घ्या. देवाशपथ, ताई, मी सोडा म्हटलं नाही."

मला त्याचं खरं वाटलं आणि आईचंही. म्हणून पुढच्या रविवारी पाऊस लागला तेव्हा मी स्वतः त्याच हिरव्या मार्गाने वर गेले आणि दादाला त्याच जागेवर उभं केलं. पत्र्यावर पाऊस, दोन मोठे पंखे, पोरांचा कल्ला, स्पीकरवर गाणी. तो पूर्ण ताकदीने ओरडला, "हात सोडू नका." माझ्यापर्यंत आलं ते "हात सो…" आणि मग नुसता आवाज. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. मराठीत नकार क्रियापदानंतर येतो, आणि आवाज नेमका तिथे पडतो. "पाय खाली" मात्र स्वच्छ ऐकू आलं. "थांबा" तर त्याहून स्वच्छ.

कड्यावर चढणाऱ्यांना यात नवल नाही. दोर ढिला पडलाय, ओढून घे, हे सांगायला कुणी "स्लॅक घे" असं ओरडलं तर वाऱ्यात खालच्याला फक्त "स्लॅक" ऐकू येतं आणि तो दोर आणखी सोडतो. म्हणून जुने लोक दोर हवा असेल तर "स्लॅक" म्हणतात, नको असेल तर तो शब्दच तोंडात येऊ देत नाहीत, "टाइट" म्हणतात. उलट अर्थाच्या दोन आज्ञांत एकच शब्द असता कामा नये. हे आम्हाला कड्यावर माहीत होतं. चार मीटरच्या भिंतीला तेच लागू आहे हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि गेली तीन वर्षं मी त्या जिममध्ये जाऊन येऊन होते. याची मला खंत आहे.

पहिली दहा मिनिटं

मग मी नव्या ग्राहकाला तिथे काय सांगितलं जातं ते पाहायला लागले. मोबाइलवर फॉर्म, इंग्रजीत, लांबलचक. सही. शूज. नवख्याला शूज बोटं दुमडतील इतके लहान देऊ नयेत, पायाला बसतील एवढे पुरतात. आईला "घट्टच असतात" म्हणून एक नंबर लहान दिले गेले होते. मग चॉकची, म्हणजे हात कोरडे ठेवणाऱ्या पुडीची, पिशवी, आणि माहिती: एका रंगाच्या पकडी म्हणजे एक प्रॉब्लेम, म्हणजे एक मार्ग, सुरुवातीची पकड ही, शेवटच्या पकडीला दोन्ही हात लागले की झालं. कुठला रंग सोपा, कुठला अवघड.

झालं. सगळं वर जाण्याबद्दल. खाली येण्याबद्दल, पडण्याबद्दल अवाक्षर नाही.

या राज्यात कुठल्याही गडावर नेणारा माणूस तुम्हाला उतरण्याबद्दल आधी सांगतो. घसाऱ्यावर पाय आडवा टाक, कातळाकडे तोंड करून उतर, तीन आधार पक्के असतील तरच चौथा हलव. चढणं सोपं, उतरणं अवघड, हे आपल्याकडे शाळेतल्या सहलीतलं पोरही म्हणतं. छपराखाली आल्यावर हे कसं गळून पडलं? मला वाटतं, गादीमुळे. गादी दिसली की शिकवणाऱ्याला वाटतं उतरण्याचा प्रश्न सुटला.

जे लोक एकदा येऊन परत आले नाहीत, त्यांच्यापैकी काहींना मी मालकाच्या परवानगीने फोन केले. अकरा जण बोलले. हा काही सर्व्हे नव्हे. एकीला शूजचा वास सहन झाला नाही. एका मुलीला शेजारचे अनोळखी पुरुष न विचारता "डावा पाय वर घे, आता उजवा हात" असं सांगत राहिले त्याचा वैताग आला. हे अनेक जिममध्ये चालतं, आणि ते थांबवणं फ्लोअरवरच्या माणसाचं काम आहे. एकाला पार्किंग लांब वाटलं. पण सहा जणांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. अर्ध्यापर्यंत गेलो आणि उतरायचं कसं ते कळेना म्हणून वर गेलोच नाही. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "मला वाटलं माझ्या हातात जोर नाही." मालकाच्या वहीत अशा लोकांपुढे "फिटनेस कमी" असा शेरा होता. जोर होता. परतीची वाट दिसत नव्हती, म्हणून पुढचा हात उचलवत नव्हता.

फॉर्मबद्दल

मालकाचं म्हणणं होतं, सही आहे, धोका मान्य केलेला आहे, विषय संपला. मी त्याला म्हटलं, सही करताना त्या बाईंना हे माहीत होतं का, की या भिंतीवर प्रत्येक पडणं जमिनीवरचं आहे? धोका मान्य करायला तो आधी कळावा लागतो. दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने अनुचित करार ही कल्पना कायद्यात आणली आहे. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या एकतर्फी अटी त्यात येतात. मी वकील नाही आणि त्याला कायद्याची भीती घालायची नव्हती. पण आपल्या दारात हात मोडलेल्या माणसाला पहिलं उत्तर म्हणून त्याचीच सही पाठवायची, हे मला पटलं नाही. त्या कागदाआधी त्यांच्या घरी जायला हवं होतं. आईला पैशापेक्षा तेच जास्त लागलं होतं. "एक फोन नाही केला हो कुणी," त्या दोनदा म्हणाल्या.

दोन दिवसांनी तो गेला. दादाला बरोबर घेऊन गेला, हे त्याचं त्यालाच सुचलं. पासाचे पैसे परत दिले, दवाखान्याचा खर्चही दिला. दादाची नोकरी राहिली.

काय बदललं

आता नव्या माणसाला भिंतीला हात लावायच्या आधी गादीवर नेतात. आधी उभ्याने, मग फूटभर उंचीवरून पडायला शिकवतात: दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे, हात छातीशी घ्यायचे, हनुवटी आत, आणि पाठीवर मागे लोळायचं. पहिल्यांदा सगळे हसतात. पाचव्यांदा कुणाचेच हात मागे जात नाहीत. त्यानंतर प्रत्येकाने दोन पकडी चढून दोन पकडी उतरून दाखवायच्या. याला बारा-पंधरा मिनिटं लागतात. मालकाला भीती होती की लोक कंटाळतील. मी बसले त्या दिवशी एका आजोबांनी पंधरा मिनिटं झाल्यावरही गादी सोडली नाही, नातू चढून आला तरी ते लोळतच होते.

प्रत्येक भिंतीच्या एका कडेला उतरण्यासाठी मोठ्या पकडी लावल्या आहेत, पंजा पूर्ण आत जाईल अशा, चढणारे त्यांना इंग्रजीतून 'जग' (jug) म्हणतात. सगळ्या पिवळ्या. पिवळा रंग दुसऱ्या कुठल्याही मार्गाला वापरायचा नाही, असा रूट सेटरला, म्हणजे पकडी लावून मार्ग आखणाऱ्याला, नियम. चांगल्या जिममध्ये ही पद्धत असतेच. इथे फक्त कुणी मनावर घेतलं नव्हतं.

शब्द ठरले चार: थांबा, धरून ठेवा, पाय खाली, पिवळी पकड. कुठल्याही सूचनेत "सोडा" हा शब्द नाही आणि "नका" हाही नाही. ऑटो-बिलेच्या भिंतीवर "मागे बसा" म्हणतात. दादाला हे अंगवळणी पडायला महिना लागला. घाईत त्याच्या तोंडून जुनंच यायचं आणि तो स्वतःवरच चिडायचा.

फॉर्म मराठीत आला, एका पानाचा, आणि पहिलं वाक्य ठळक: या भिंतीवर दोर नाही, प्रत्येक पडणं गादीवर म्हणजे जमिनीवरच आहे. जिमची काहीच जबाबदारी नाही, हे शेवटचं कलम मात्र त्याने अजून ठेवलं आहे. मी ते काढ म्हणते, तो विमावाल्याचं नाव सांगतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

रविवारी आता फ्लोअरवर दोघं असतात. एकजण बिले देतो, दुसऱ्याने दोर हातात घ्यायचाच नाही, त्याने फक्त बोल्डरिंगच्या भिंतीजवळ फिरायचं. आठवड्यातल्या सकाळी अजूनही एकटाच असतो. तेव्हा गर्दी नसते हे मालकाचं म्हणणं खरं आहे, पण एक ग्राहक वर आणि एक दोरावर असे दोघंच असले तरी प्रश्न तोच उभा राहतो. मंगळवारी सकाळी मी तिथे होते. दादा दोरावर होता, कॉलेजची एक मुलगी बोल्डरिंगला एकटी होती, तिला पडायला येत होतं म्हणून निभावलं. बिले देणारा एकटा असेल तेव्हा नवख्यांसाठी बोल्डरिंग बंद ठेवायचं, एवढं तरी त्याने मान्य करावं असं माझं म्हणणं आहे. स्पीकरचा आवाज मात्र पाऊस लागला की बंद होतो, तेही सांगायला हवं.

डिसेंबरमध्ये

मुलगी ऑगस्टपासून पुन्हा येत होती, आधी बाबांबरोबर, मग मैत्रिणीबरोबर. आई डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आल्या. शूज त्यांनी स्वतः दोन जोड घालून बघितले आणि मोठा ठेवला. गादीवरचे धडे लेकीने घेतले, दादा शेजारी उभा. मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि पहिल्यांदा विचारलं, "पिवळ्या कुठून सुरू होतात?"

त्या दिवशी त्या चौथ्या पकडीपर्यंत गेल्या. तिथे थांबल्या, खांद्यावरून खाली पाहिलं, पिवळी पकड शोधली आणि उतरल्या. असं तीनदा केलं. मनगट अजून पूर्ण वळत नाही, म्हणून डाव्या हाताला आडव्या पकडी चालत नाहीत. दादाने कोपऱ्यातल्या एका सोप्या मार्गाच्या दोन पकडी त्याप्रमाणे फिरवून दिल्या आहेत. पुढचं सेटिंग जानेवारीच्या अखेरीला आहे, तोवर तो मार्ग तसाच ठेवायला त्याने सेटरला सांगितलंय.